बायबल, संपत्तीचे वाटप आणि श्रीमंतांवरील कर



बायबल श्रीमंतांवर कर बसविण्यास अनुकूल आहे काय, हा प्रश्न बहुधा धर्मपीठांवरून आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून चर्चिला जातो. एकदा मात्र तो थेट मतपेटीपर्यंत जाऊन पोहोचला.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात ९ सप्टेंबर २००३ रोजी एका कर-योजनेवर जनतेचा कौल घेण्यात आला. योजना मांडणारे गव्हर्नर बॉब रायली हे रिपब्लिकन पक्षाचे, श्रद्धेने बॅप्टिस्ट आणि पूर्वायुष्यात करवाढीचे विरोधक म्हणून ओळखले गेलेले गृहस्थ होते. त्या काळी अलाबामात चार माणसांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४,६०० डॉलरच्या वर गेले की प्राप्तिकर लागू होत असे. जीवनावश्यक अन्नधान्यावरही विक्रीकर होता. याउलट विस्तीर्ण वनजमिनींच्या मालकांना जमिनीवर अगदी नाममात्र कर द्यावा लागे. अलाबामा विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापिका सुझन पेस हॅमिल यांनी २००२ साली एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध करून, ही करव्यवस्था बायबलच्या नीतीला धरून नाही, असे प्रतिपादन केले होते. रायली यांनीही त्याच आशयाची भूमिका घेतली. गरिबांचा भार हलका करून सधनांचा व मोठ्या जमीनमालकांचा भार वाढवावा आणि सुमारे १२० कोटी डॉलरचा जादा महसूल उभा करावा, अशी त्यांची योजना होती. ‘ख्रिश्चन कोअलिशन’ या संघटनेच्या राष्ट्रीय नेतृत्वाने योजनेला पाठिंबा दिला, तर तिच्याच अलाबामा शाखेने विरोध केला. मतदारांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांनी योजना फेटाळली.

एकच ग्रंथ प्रमाण मानणारी माणसे एकाच प्रश्नावर अशी परस्परविरुद्ध उभी ठाकली. अशा वेळी दोन्ही पक्ष आपापल्या सोयीची वचने निवडतात. एक पक्ष योबेल वर्षाकडे बोट दाखवितो, दुसरा पक्ष चोरी करू नये व शेजाऱ्याच्या वस्तूंचा लोभ धरू नये या आज्ञांकडे. वचनांची अशी मोजदाद करून निर्णय लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी तीन साधे प्रश्न विचारावेत: देणे कोणाकडून घेतले जाते? ते कोण घेतो? आणि घेतलेले शेवटी कोणाच्या घरी जाते? या प्रश्नांच्या उजेडात बायबलमधील विखुरलेली विधाने बरीचशी एका सूत्रात येतात.

प्रथम जमिनीविषयीचा कायदा पाहू. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात असे सांगितले आहे की, जमीन देवाची असून माणसे तिच्यावर केवळ उपरी व पाहुणे म्हणून राहतात. म्हणून ती कायमची विकता येणार नाही. सात वर्षांची सात आवर्तने झाल्यावर पन्नासावे वर्ष हे योबेल वर्ष. त्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाच्या वतनात परत यावी आणि कर्जापायी दास्यात गेलेल्या इस्राएली माणसाने आपल्या कुळात परतावे. या कायद्यातील हिशेब मोठा मार्मिक आहे. जमिनीची किंमत पुढील योबेल वर्षापर्यंत किती पिके येणार यावर ठरवावयाची. म्हणजे विकली जात होती ती जमीन नसून काही वर्षांची पिके होती. त्याचबरोबर याला अपवादही होता. तटबंदीच्या नगरातील घर वर्षाच्या आत सोडवून घेतले नाही, तर ते खरेदीदाराचे कायमचे होई. मालमत्ता सर्वांची सारखी असावी, असा हा कायदा म्हणत नाही. उपजीविकेचे साधन कोणत्याही कुटुंबाच्या हातून पिढ्यानपिढ्यांसाठी निसटू नये, एवढी तरतूद तो करतो.

जमिनीनंतर पीक. शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये, सांडलेली कणसे वेचू नयेत, विसरलेली पेंढी आणण्यास मागे फिरू नये. तो सरवा उपरी, अनाथ आणि विधवा यांचा आहे, असा दंडक आहे. रूथच्या कथेतील तरुण विधवा परमुलखात येऊन आपले व सासूचे पोट भरते, ते याच सरव्यावर. ‘अनुवाद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात आणखी एक व्यवस्था आहे. दर तिसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दशमांश गावच्या वेशीच्या आत साठवावा आणि त्यावर वतन नसलेले लेवी, उपरी, अनाथ व विधवा यांनी पोटभर जेवावे. पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे. आणि सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजू भावाला कर्ज नाकारू नये, असा इशाराही आहे.

या तरतुदींना केवळ दानधर्म म्हणणे योग्य होणार नाही. दान देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. येथे प्रमाण, काळ आणि हक्कदार हे तिन्ही ठरवून दिलेले आहेत. तथापि यांना आजच्या अर्थाने कर म्हणणेही कठीण आहे. सरवा गोळा करणारा सरकारी अधिकारी तेथे नाही. दशमांश दिल्याची ग्वाही शेतकऱ्याने स्वतः देवासमोर द्यावयाची आहे. कर्तव्य आहे, परंतु वसुलीची यंत्रणा जवळजवळ नाही, अशी ही मधली अवस्था आहे.

जो अधिक मिळवितो त्याने अधिक प्रमाणात द्यावे, हे तत्त्व बायबलमध्ये आहे काय? याही बाबतीत साक्ष दुहेरी आहे. निर्गम ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा, श्रीमंताने अधिक देऊ नये आणि गरिबाने कमी देऊ नये, असे सांगितले आहे. सर्वांवर सारखा कर असावा असे म्हणणारे या वचनाचा आधार घेतात. परंतु लेवीय ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात दोषार्पणासाठी मेंढरू आणावे, ते परवडत नसेल तर दोन पारवे, आणि तेही शक्य नसेल तर थोडे पीठ आणावे, अशी ऐपतीप्रमाणे पायरी ठेवलेली आहे. न्यायासनासमोर मात्र गरिबाची भीड धरू नये व थोरामोठ्यांचाही मुलाहिजा ठेवू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. श्रीमंत आहे एवढ्याच कारणाने कोणाला दोषी धरण्यास हा ग्रंथ आधार देत नाही.

हे कायदे किती पाळले गेले, हा स्वतंत्र प्रश्न आहे. योबेल वर्ष देशभर पाळले गेल्याचा एकही प्रसंग बायबलमध्ये वर्णिलेला नाही. यिर्मया ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात तर उलट प्रकार दिसतो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला असता सिद्कीया राजाच्या सांगण्यावरून धनिकांनी दासदासींना मुक्त केले. आणि वेढा सैल होताच त्यांना पुन्हा पकडून दास केले. कर्जमाफीच्या कायद्याचेही असेच झाले. सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेत. ग्रंथाने दिलेला इशारा खरा ठरला होता. तेव्हा इसवी सनाच्या प्रारंभाच्या सुमारास हिल्लेल या विख्यात यहुदी धर्मपंडिताने तोड काढली. कर्जाची वसुली न्यायालयाच्या हाती सोपविल्याचा लेख केला, की ते कर्ज माफीतून वगळले जाई. गरिबांना कर्ज मिळत राहावे म्हणून गरिबांच्या संरक्षणाचा कायदाच सैल करावा लागला. संपत्तीच्या फेरवाटपाचा कोणताही विचार करणाऱ्याने हा अनुभव दृष्टीआड करू नये.

आता राजांच्या कराकडे वळू. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लोक राजा मागतात, तेव्हा वृद्ध शमुवेल त्यांना सावध करतो. राजा तुमचे मुलगे रथांसाठी नेईल, उत्तम शेते व द्राक्षमळे घेईल, धान्याचा दशमांश वसूल करील आणि तो आपल्या अंमलदारांना व चाकरांना देईल, असे तो सांगतो. करविरोधकांचे हे आवडते वचन आहे, आणि ते खरोखरच बोलके आहे. पण वरचा तिसरा प्रश्न येथे विचारून पाहावा. तिसऱ्या वर्षीचा दशमांश विधवेच्या ताटात जात होता. हा दशमांश दरबाऱ्यांच्या घरी जातो. पुढे शलमोनाचा पुत्र रहबाम याने बापाचे जड जू हलके करण्यास नकार दिला, तेव्हा दहा वंश फुटून निघाले आणि वेठीवरील अंमलदाराला लोकांनी दगडांनी ठेचून मारले. अहाब राजाने नाबोथाचा वडिलार्जित द्राक्षमळा हडप केला, तेव्हा एलीया संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला. नाबोथाच्या या कथेत खाजगी वतनाचे रक्षण आणि दुर्बलाचे रक्षण ही दोन्ही एकरूप होतात. आमोस संदेष्ट्याने तर गरिबांकडून धान्याची वसुली करून चिरेबंदी वाडे बांधणाऱ्यांचाच धिक्कार केला आहे.

या सर्व धाग्यांची गाठ नहेम्याच्या पाचव्या अध्यायात पडते. इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमारास इराणच्या बादशहाचा सुभेदार म्हणून नहेम्या यरुशलेमला आला. तट बांधण्याचे काम चालू असता लोकांमध्ये मोठा आक्रोश झाला. कोणी दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती. कोणी बादशहाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढले होते. कित्येकांची मुले-मुली दास्यात गेली होती. सावकार परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने प्रतिष्ठितांना सभेत उभे केले. आपण व आपले सोबतीही पैसा व धान्य उसने देत आहोत, हे त्याने लपविले नाही. शेते, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे आणि घरे आजच परत करा व घेतलेले व्याजही परत द्या, असे सांगून त्याने त्यांच्याकडून याजकांसमक्ष शपथ घेतली. पूर्वीचे सुभेदार रयतेकडून अन्न, द्राक्षारस आणि ४० शेकेल रुपे घेत असत. नहेम्याने बारा वर्षे हा भत्ता घेतला नाही.

या प्रसंगात कर आणि फेरवाटप परस्परांविरुद्ध उभे आहेत. साऱ्याच्या ओझ्यामुळे गरीब नागवला गेला, आणि शासनाच्या अधिकारानेच धनिकांना त्याची जमीन परत करावी लागली. ज्या शासकाने हे घडविले, त्याने आपला स्वतःचा वाटा आधी सोडला होता.

नव्या करारात राज्यसत्ता ख्रिस्ती लोकांच्या हाती नव्हती. त्यामुळे करविषयक धोरण त्यात शोधणे व्यर्थ आहे. कैसराचे कैसराला द्यावे, हे येशूचे उत्तर एका कोंडीत पकडणाऱ्या प्रश्नाला दिलेले होते. पौलाने रोमकरांस कर भरण्यास सांगितले; पण कराचे प्रमाण काय असावे, याची चर्चा केली नाही. यरुशलेममधील पहिल्या मंडळीत लोक जमिनी विकून पैसा सामाईक ठेवीत. परंतु हनन्याने शेताच्या किमतीतील काही भाग लपविला, तेव्हा पेत्राने त्याला बजावले की विकण्यापूर्वी शेत त्याचे होते आणि विकल्यानंतर पैसाही त्याच्याच हाती होता. दोष लबाडीचा होता. करिंथकरांना लिहिताना पौल समतेचे तत्त्व मांडतो आणि त्याच वेळी देणे खुशीचे असावे असे सांगतो. जक्कय या धनवान जकातदाराची कथा अधिक सूचक आहे. तो अर्धी संपत्ती गरिबांना देतो. पण ज्यांना अन्यायाने लुबाडले त्यांना चौपट परत करतो. पहिले दान आहे, दुसरी भरपाई आहे, आणि लूक या दोहोंची गल्लत करीत नाही.

पुढील ख्रिस्ती परंपरेनेही हा ताण कायम ठेवला. चौथ्या शतकात कप्पदुकियातील दुष्काळाच्या वेळी संत बासिल याने कोठारात अडवून ठेवलेल्या धान्यावर भुकेलेल्यांचा हक्क आहे, असा उपदेश केला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने खाजगी मालकी मान्य केली. तथापि उपयोगाच्या बाबतीत वस्तू सर्वांसाठी आहेत, असे म्हटले. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात कामगाराला उचित वेतनाचा हक्क सांगितला आणि त्याच लेखात कराच्या नावाखाली मालकाकडून वाजवीपेक्षा अधिक घेणे अन्यायाचे ठरविले.

तात्पर्य, श्रीमंतांवर कराचा अमुक एक दर असावा असे बायबल सांगत नाही. परंतु संपत्तीवरील मालकी निरपवाद आहे, हेही ते सांगत नाही. गरिबाचा वाटा ठरलेला आहे व तो देणे बंधनकारक आहे, हे त्याचे पहिले म्हणणे. गोळा करणाऱ्याचा हात तपासून पाहिला पाहिजे, हे दुसरे. अलाबामात योजनेच्या समर्थकांनी पहिल्यावर भर दिला. विरोधकांपैकी अनेकांना राज्य सरकारचा भरवसा वाटत नव्हता. त्यांच्या या अविश्वासाला शमुवेलाच्या इशाऱ्यात आधार सापडतो. परंतु त्या इशाऱ्याने ४,६०० डॉलरवर सुरू होणाऱ्या कराचे समर्थन होत नाही. कारण तेथे भार आधीच दुर्बलाच्या खांद्यावर होता, आणि राजाच्या वसुलीविरुद्ध शमुवेलाची तक्रार नेमकी अशाच माणसांच्या वतीने होती. त्या राज्यात ही उत्पन्नमर्यादा पुढे २००६ साली विधिमंडळाने वाढविली.

म्हणून या ग्रंथाचा आधार घेऊन करावर बोलू इच्छिणाऱ्याने नहेम्याच्या सभेत बसून बोलावे. तेथे सावकारालाही उत्तर द्यावे लागते आणि सुभेदारालाही. आणि दोघांनाही जाब विचारणारा तो असतो, ज्याचे शेत गहाण पडले आहे.