गाडीचे दुखणे आणि घरातली शिल्लक



कोलकात्यातली आपली मराठी माणसे, कुणी सोन्याच्या गलाईत, कुणी नोकरीत. चार पैसे गाठीला बांधले की घरात एक विषय हमखास निघतो : जुनी टॅक्सी किंवा छोटा टेम्पो घेऊन धंद्याला लावू या. गाडी किती अॅव्हरेज देते हे सगळे विचारतात. ती कुठे आजारी पडते, हे फार थोडे विचारतात. ठेव मोडण्याआधी तेवढे एक विचारा.

प्रत्येक कंपनीच्या गाडीची काही ठरलेली दुखणी असतात. या शहराची अँबेसेडरच घ्या. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत होती. पेट्रोलवरच्या अँबेसेडरचा पंप इंजिनाच्या अंगालाच. उन्हाळ्यात पेट्रोलची वाटेतच वाफ व्हायची आणि गाडी भर चौकात बंद पडायची. मग ड्रायव्हर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवायचा, बाजूला उभा राहून बिडी ओढायचा, की गाडी पुन्हा चालू! पुढच्या चाकांच्या किंगपिनला वेळेवर ग्रीस मिळाले नाही की स्टिअरिंग ढिले पडायचे. पण औषध गल्लोगल्ली मिळे. मिस्त्रीला दुखणे पाठ आणि जुना पार्ट मल्लिक बाजारात हजर. म्हणून मालकाला महिन्याचा खर्च अंदाजाने काढता यायचा. कारखाना बंद झाल्यावर हे गणित बदलले.

नव्या गाड्यांना दुखणी नाहीत असे समजू नका. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. संशय कशावर? पुन्हा पेट्रोल पंपावरच. पण आता पंप टाकीत बसतो, विजेवर चालतो. तिथे ओल्या फडक्याचे काही चालत नाही. सदोष पंप कंपनीने फुकट बदलून देण्याचे जाहीर केले. तुम्ही त्या काळातली गाडी सेकंडहँड घेत असाल, तर चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि ते काम झाले आहे का ते विचारा. संकोच कसला? जे काम कंपनीच्या खर्चाने होते, त्यासाठी आपली ठेव का मोडायची?

आता विम्याचे. ‘फुल इन्शुरन्स आहे’ असे विकणारा सांगतो आणि आपण निर्धास्त होतो. साधी मोटार पॉलिसी अपघात, चोरी, आग यांचे नुकसान भरते. झीज आणि यांत्रिक बिघाड तिच्यात बसत नाही. क्लच प्लेट जळाली, जास्त मालाने टेम्पोचे पाटे तुटले, तर खर्च तुमचा. आणखी एक, खास कोलकात्याचे. पावसात ठनठनिया, अॅमहर्स्ट स्ट्रीटला पाणी तुंबते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हापुन्हा स्टार्टर मारून चालू करू नका. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर नसेल तर असा दावा बहुतेक वेळा नाकारला जातो. रक्कम पन्नास हजारांच्या पुढेही जाऊ शकते.

म्हणून गाडीच्या हप्त्याबरोबरच दुरुस्तीसाठी वेगळे आवर्ती खाते उघडा. महिना १,५०० टाकले तर वर्षाला १८,००० आणि वर व्याज. या पैशाला लग्नाकार्यात हात लावायचा नाही, घरच्या मंडळींनाही तसे सांगून ठेवा.

सही करण्याआधी आरसी बुकातली नोंदणीची तारीख वाचा. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशाने १५ वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने इथल्या रस्त्यांवरून हटवायला लावली. आज कुठल्या वाहनाला किती मुदत, ते परिवहन कार्यालयात विचारून घ्या. १२ वर्षांची टॅक्सी आणि ५ वर्षांचे कर्ज, असा सौदा कुणी पुढे केला तर बोटांवर मोजा : गाडी तीन वर्षांत थांबेल, हप्ते आणखी दोन वर्षे चालतील.