लोडरची जुनी बकेट

ट्रॅक्टरला पुढे लावायचा जुना लोडर गटाने घ्यावा का, असं बऱ्याच जणी आम्हाला विचारतात. शेणखत, माती, वाळू असा सुटा माल उचलायला तो चांगलाच. उकिरडा उपसताना डोक्यावरच्या पाट्या वाचतात, मानही वाचते. पण तो जेसीबी नव्हे. कडक जमीन खोदायला लावला की दांडे वाकतात, वेल्डिंग तडकतं.

म्हणून घेताना रंगावर जाऊ नका. वेल्डिंगचे जोड बघा, पिना ढिल्या आहेत का बघा. बकेट कमरेइतकी उचलायला लावा, इंजिन बंद करून लांब उभ्या राहा. दहा मिनिटांत खाली बसली तर सील गेलंय समजा.

ओलं खत सुक्यापेक्षा फार जड. भरलेली बकेट वर धरून आडव्या उतारावर नेली तर ट्रॅक्टर कलंडतो. ती जमिनीलगतच न्यायची, मागे वजन लावायचं.

आणि चिंचा काढायला बकेटमध्ये बाई उभी करतात ना, ते आमच्या गटात बंद आहे. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर बकेट क्षणात खाली येते. ‘पाचच मिनिटं, ताई’ म्हणतात सगळे. आम्ही शिडी आणायला लावतो.