सरस जास्त झाला

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतून रिटायर झालेल्या माणसाच्या हातात माईक दिला की तो व्याजदरावर बोलणार, अशी धास्ती तुम्हाला असेल. पण कमिटीने मला विषय दिलाय, शाळेतले कलेचे दिवस.

आमची शाळा काही खास कलेची नव्हती. कोल्हापुरात तशी गरजही नव्हती म्हणा! देवल क्लबावरून जाताना कुणाचं तरी गाणं कानावर पडायचं. ड्रॉइंगचे सर रविवारी रंकाळ्यावर न्यायचे आणि सांगायचे, "आबालाल रहिमान इथंच चित्रं काढायचे, नीट बघा." बाबूराव पेंटर तर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळलेले. त्यामुळे पडदा रंगवणं म्हणजे आम्हाला फार मोठं काम वाटायचं.

१९६६ साली मी दहावीत होतो. स्नेहसंमेलन केशवराव भोसले नाट्यगृहात ठरलं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं पॅलेस थिएटर ते हेच. नाटकातल्या वाड्याचा पडदा माझ्याकडे आणि माझ्या एका मित्राकडे आला. त्याचे वडील पाट्या रंगवायचे, त्यामुळे ब्रशवर हात त्याचाच. मी मदतनीस.

मांजरपाटाचं कापड आणि पुडीचे रंग. रंग कापडाला धरायला त्यात सरस लागतो. तो रात्री भिजत घालायचा आणि सकाळी गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा. कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर वाळल्यावर कडक होतो आणि गुंडाळताना तडकतो. मित्राने माप सांगितलं होतं. मी घाईत जवळजवळ दुप्पट घातला.

संमेलनाच्या सकाळी पडदा उलगडला, तर तुळशीवृंदावनाचे पोपडे खाली! एक शिक्षक मित्रावर कडाडले, "पाट्यांचं काम आहे का हे?" त्याला सगळ्यांसमोर बाजूला केलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली बघत राहिलो. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. वडिलांच्या दुकानात बसला. कारण घरची परिस्थिती असेल, तो पडदा असेल. विचारायचं धाडस मला झालं नाही. मी बी.कॉम. केलं, बँकेत लागलो. त्याच्या दुकानावरून जायचं टाळत राहिलो. कोल्हापूर तसं केवढंसं, पण टाळता येतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. सकाळी मी गेलो. तुमच्यापैकीही बरेचजण होते तिथे. गर्दीत तो दिसला, काठी टेकून उभा. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सरस मी जास्त घातला होता."

तो म्हणाला, "मर्दा, मला तवाच कळलं होतं. डबा तुझ्याच हातात होता की." मग आम्ही दोघं समोरच्या गाड्यावर चहा प्यायलो. पैसे त्यानेच दिले.

आज माझ्या मागे हा जो पडदा आहे, आपल्या सोसायटीचं गेट आणि त्यावरची बोगनवेल, तो त्यानेच रंगवलाय. तो पहिल्या रांगेत बसलाय, ओळख नको म्हणाला म्हणून नाव घेत नाही. मी आठ दिवस मदतीला होतो. सरसाच्या भांड्याला मात्र त्याने मला हात लावू दिला नाही.