घड्याळाच्या पट्ट्याखालची कातडी



हातातलं घड्याळ जरा काढून बघा. पट्ट्याखालची कातडी उजळ आणि आजूबाजूची रापलेली दिसेल. रापणं हा कातडीने केलेला बचाव असतो. उन्हातले अतिनील किरण पेशींमधल्या डीएनएला इजा करतात, म्हणून कातडी मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढवते. झालेली बरीचशी इजा पेशी स्वतःच दुरुस्त करतात. पण वर्षानुवर्षांच्या उन्हात काही चुका तशाच राहतात आणि त्यांतूनच पुढे कधीतरी कर्करोग उद्भवतो. या किरणांची ऊब लागत नाही. महाबळेश्वरच्या गार वाऱ्यात आपण निर्धास्त हिंडतो खरे, पण उंचावर हे किरण वाढलेलेच असतात.

ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीवर कडक ऊन पडतं. तिथे सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांतल्या दोघांना त्वचेचा कर्करोग होतो. म्हणून १९८१ साली तिथे मोहीम निघाली: सदरा चढवा, सनस्क्रीन चोपडा, टोपी घाला. आजही तिथल्या कित्येक शाळांत टोपी नसेल, तर मुलांना मैदानावर सोडत नाहीत.

आपल्याकडे हा आजार त्या मानाने फारच कमी. लग्न जमवताना ज्या सावळेपणाला आपण नाकं मुरडतो, तीच आपली जन्मजात छत्री! ज्यांच्या कातडीत जन्मतःच मेलॅनिन नसतं, त्यांनी मात्र लांब बाह्या, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन यांशिवाय उन्हात जाऊच नये.

पण छत्री आहे म्हणून गाफील राहू नका. आपल्याकडचा त्वचेचा कर्करोग पुष्कळदा ऊन न पोचणाऱ्या जागी निघतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. व. रा. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली ‘धोतराचा कर्करोग’ नोंदवला. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षं धोतर घट्ट आवळायचं, कातडी काळवंडायची, सोलायची, आणि शेवटी तिथे न भरणारा व्रण व्हायचा. परकराच्या नाडीनेही हेच होतं. भाजल्याच्या जुन्या वणातही कर्करोग उद्भवतो. मेलॅनोमा हा घातक प्रकार तर आपल्याकडे अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली सापडतो. चिखल्या, भेगा, कुरूप समजून तो अंगावर काढला जातो.

तेव्हा एवढं करा. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली, की अतिनील किरण जोरात आहेत असं समजा आणि डोक्यावर टोपी किंवा पदर घ्या. आणि महिन्यातून एकदा, अंघोळीनंतर, तळपाय, नखं आणि कंबर उजेडात नीट पाहा. नाडी रुंद वापरा, सैल बांधा. पसरणारा काळा डाग किंवा महिनाभर न भरणारी जखम दिसली, तर घरगुती लेप लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. वेळेत सापडलेला हा कर्करोग बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो.