पडद्यावर चित्र येत नाही तेव्हा: मामाचा स्पेक्ट्रम आणि माझी एक चूक

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या काही भागांत आपण नवीन गोष्टींवर बोललो. आज जरा मागे जाऊ, १९८२ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. रबराची बटणं, आत झेड८०ए प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ, मेमरी १६ किंवा ४८ के. मॉनिटर वेगळा नाही, घरातला टीव्हीच पडदा. पुढे आपल्याकडेही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन त्याची सुधारित आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून विकली, काहीजणांनी ती पाहिली असेल. माझ्या मामाकडे मात्र मूळचा रबरी बटणांचा ४८ के आहे. त्याच्या मित्राने तेव्हा इंग्लंडहून आणून दिलेला.

मामा गणिताचा शिक्षक, आता निवृत्त. घर बदलताना त्याला माळ्यावर हा डबा सापडला आणि त्याने तो माझ्याकडे दिला. म्हणाला, "तू इंजिनिअर ना? चालू करून दाखव." सोबत टीव्हीची केबल होती, एक कॅसेट होती. पॉवर सप्लाय मात्र कुठेतरी हरवलेला.

आणि इथेच मी माती खाल्ली.

मागे सॉकेटजवळ ९ व्होल्ट डीसी असं लिहिलंय. माझ्याकडे जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडलेला. पिन बसली. लावला. टीव्हीवर काही नाही, आणि पाचेक सेकंदांत तो ओळखीचा वास. जळकट. मी खटकन काढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झालं काय, तर आजकालच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये पिनच्या मध्यभागी प्लस असतो. स्पेक्ट्रमला मध्यभागी मायनस लागतो. उलटा वीजपुरवठा. ३५-४० वर्षं कापडात गुंडाळून जपलेली वस्तू मी पाच सेकंदांत बिघडवली. म्हणून आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधीच देऊन टाकतो: कुठलंही जुनं यंत्र असो, अ‍ॅडॉप्टर लावण्याआधी त्यावरचं चिन्ह बघा, आणि मीटर लावून खात्री करा. पिन बसली म्हणजे जमलं असं नसतं.

दोन-तीन दिवस मी त्या डब्याकडे बघितलंच नाही. मामाचा फोन आला, "काय रे, झाला का चालू?" मी म्हणालो, "अरे, वेळच नाही मिळाला." खोटं बोललो. मग लाज वाटली, आणि कामाला लागलो.

बरं, आता मुद्द्याकडे. चित्र येत नाही, म्हणजे नक्की काय येत नाही? आम्ही ऑफिसमध्ये बग शोधताना जे करतो तेच इथे करायचं. साखळीचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासायचा. स्पेक्ट्रमची साखळी अशी: वीज, मग प्रोसेसर आणि रॉम, मग मेमरी, मग यूएलए नावाची चिप जी मेमरी वाचून चित्र तयार करते, मग रंग मिसळणारी एलएम १८८९ ही चिप, मग मॉड्युलेटर, आणि शेवटी टीव्ही.

मी योग्य अ‍ॅडॉप्टर आणला. ९ व्होल्ट, मध्यभागी मायनस, दोन अँपियरचा. मूळ सप्लाय १.४ अँपियरचा होता, त्यामुळे त्याहून कमीचा घेऊ नका. जोडला. टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

आता मुंग्या म्हणजे यंत्र मेलं असं नाही. स्पेक्ट्रम त्याचं चित्र अँटेनाच्या सिग्नलसारखं बाहेर पाठवतो, यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर. टीव्हीला तो चॅनेल शोधायला लावावा लागतो, तोही अ‍ॅनालॉगमध्ये. नव्या टीव्हीत डिजिटल शोध आधीच निवडलेला असतो, मग काहीच सापडत नाही आणि माणूस यंत्राला दोष देतो. मी हाताने शोध लावला. एका जागी मुंग्या गेल्या आणि पडदा करडा, शांत झाला. चित्र धड नाही, पण मुंग्या जाणं ही बातमी आहे. याचा अर्थ मॉड्युलेटर जिवंत आहे, काहीतरी पाठवतोय.

पण त्या रस्त्याने येणारं चित्र इतकं गढूळ, की त्यावरून निदान कसं करणार? म्हणून पुढची पायरी: मॉड्युलेटरला बाजूला काढणं. त्याच्या पत्र्याच्या डबीत बोर्डावरून दोन वायरी जातात, एक ५ व्होल्टची आणि एक व्हिडिओची. दोन्ही सोडवायच्या. डबीच्या आतून सॉकेटच्या मधल्या पिनेला आलेला रेझिस्टर सोडवायचा. मग व्हिडिओची वायर थेट त्या मधल्या पिनेला जोडायची, मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला तर उत्तम. आता टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला साधी केबल लावली की झालं. काहीही तोडावं लागत नाही, उद्या हवं तर पूर्ववत करता येतं.

दोन सूचना. एक, डबा उघडताना वरचं झाकण हिसकू नका. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या झालेल्या असतात. दुसरी, एव्ही ते एचडीएमआयचा स्वस्तातला कन्व्हर्टर पहिल्या चाचणीला वापरू नका. स्पेक्ट्रम एका फ्रेममध्ये ३१२ ओळी पाठवतो, इंटरलेस न करता. काही कन्व्हर्टरना ते पचत नाही, ते निळा पडदा दाखवतात, आणि तुम्ही उगाच बोर्ड उकरत बसता.

तर, चित्र आता स्वच्छ दिसायला लागलं. आणि काय दिसलं? पांढरी चौकट, मध्ये काळेपांढरे उभे पट्टे. रंग अजिबात नाही.

मला इथे पहिल्यांदा बरं वाटलं. का, ते सांगतो. स्पेक्ट्रमच्या चित्राची बाहेरची चौकट मेमरीतून येत नाही. प्रोसेसर यूएलएला फक्त एक आकडा सांगतो, अमुक रंग, आणि यूएलए ती रंगवते. चालू झाल्याबरोबर रॉममधल्या अगदी सुरुवातीच्या सूचनांत चौकट पांढरी करा अशी सूचना आहे. म्हणजे चौकट पांढरी झाली याचा अर्थ प्रोसेसर चालला, रॉम वाचली गेली, यूएलए चित्र काढतेय. त्यातली यूएलए ही खास या यंत्रासाठी बनवलेली चिप, ती गेली असती तर माझं अवघड होतं. अर्धी साखळी एका नजरेत सुटली.

राहिल्या दोन तक्रारी: मधलं चित्र कचरा, आणि रंग गायब. वरवर दोघांचा काही संबंध नाही. पण सर्किटचा नकाशा घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं. पडद्याचं चित्र ज्या खालच्या १६ के मेमरीत राहतं, तिथे ४११६ नावाच्या आठ चिपा आहेत. त्यांना एक नाही, तीन प्रकारचे व्होल्ट लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. आणि रंग मिसळणाऱ्या एलएम १८८९ लाही १२ व्होल्ट लागतात. दोन तक्रारी, कारण एकच असू शकतं.

मीटर काढला. काळी पिन ७८०५ रेग्युलेटरच्या धातूच्या पट्टीला, ती ग्राउंड असते. लाल पिन मेमरी चिपच्या पायांवर. ९ नंबरच्या पायावर ५ व्होल्ट, ठीक. ८ नंबरवर १२ हवेत, तिथे जेमतेम ८. आणि १ नंबरवर उणे ५ हवेत, तिथे जवळजवळ शून्य.

सापडलं. ९ व्होल्टमधून १२ आणि उणे ५ बनवणारं एक छोटं सर्किट आहे: एक कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर, टीआर४ आणि टीआर५. वीज उलटी गेली की पहिला बळी बहुतेक टीआर४ चा जातो. इथे एक धोका लक्षात ठेवा: उणे ५ नसताना बाकीचे व्होल्ट चालू राहिले तर ४११६ चिपा खराब होतात. त्यामुळे 'बघू जरा चालू ठेवून' हा प्रकार करायचा नाही. मोजा, बंद करा, विचार करा.

टीआर४ म्हणजे झेडटीएक्स ६५०, टीआर५ म्हणजे झेडटीएक्स २१३. बुधवार पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो, नाही मिळाले, शेवटी ऑनलाइन मागवले. स्वस्त असतात, दोन्ही एकदमच बदला. बदलले, मोजलं: १२ आले, उणे ५ आले. टीव्ही लावला, आणि रंग आला!

पण चित्र अजूनही नाही. पांढऱ्या चौकटीत काळ्या पडद्यावर लाल उभ्या रेघा, मध्येच थरथरणाऱ्या, आणि सगळं लुकलुकतंय.

आता हा या सगळ्यातला माझा सर्वात आवडता भाग. चालू होताना स्पेक्ट्रम स्वतःची मेमरी तपासतो. प्रत्येक जागी २ हा आकडा लिहितो आणि परत वाचतो. २ म्हणजे बायनरीत ००००००१०. चित्राच्या मेमरीतही तेच लिहिलं जातं, म्हणून आठ ठिपक्यांच्या प्रत्येक घरात एक बारीक रेघ दिसते. रंगांच्या मेमरीतही २ लिहिला जातो, आणि तिथे त्याचा अर्थ काळ्यावर लाल. चांगल्या यंत्रात हे क्षणभर चमकतं आणि जातं.

माझ्याकडे मात्र प्रत्येक घरात एक नाही, दोन रेघा होत्या. फोनवर व्हिडिओ काढून, हळू करून बघितल्या. जादाची रेघ घराच्या अगदी डाव्या टोकाला. म्हणजे आकडा ००००००१० नाही, १०००००१० आहे. सर्वात वरचा बिट १ वरच अडकलाय. आणि रंगांच्या मेमरीत त्या वरच्या बिटाचा अर्थ काय? लुकलुकणे! दोन्ही लक्षणं एकच गोष्ट सांगत होती.

४११६ च्या आठ चिपा आहेत ना, त्यातली प्रत्येक एकेक बिट सांभाळते. आयसी६ शून्याचा बिट, आणि असं करत आयसी१३ सातवा, म्हणजे सर्वात वरचा. बोट लावून बघितलं, तीच चिप बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेली. बिघडलेल्या पडद्याने स्वतःच सांगितलं की दोष कुठे आहे. आपणच 'चित्र येत नाही' म्हणून बघायचं सोडून देतो.

चिप बोर्डावर थेट डाग देऊन बसवलेली असते. अख्खी काढायला जाऊ नका, बोर्डाचे ट्रॅक उखडतात. आधी कटरने पाय कापा, मग एकेक पाय गरम करून ओढा. तिथे सॉकेट बसवा, मग नवीन चिप. आणि ४११६ च्या जागी ४१६४ तशीच खोचू नका. तिला एकटे ५ व्होल्टच लागतात आणि पायांची मांडणी वेगळी आहे. जिथे ४११६ ला १२ जातात तिथे तिला ५ हवेत. बोर्डावर बदल केल्याशिवाय ती जळेल.

रात्री साडेअकराला चालू केला. लाल रेघा चमकल्या, गेल्या. पांढरा पडदा, आणि खाली सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ती एक ओळ. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

शेवटची चाचणी राहिली होती. वरची ३२ के मेमरी खराब असली तरी यंत्र सुरू होतं, फक्त मेमरी कमी आहे असं समजून चालतं. पत्ता २३७३२ आणि २३७३३ वर यंत्राला सापडलेल्या मेमरीचं टोक लिहिलेलं असतं. पीक वापरून पहिल्यातला आकडा घ्या, त्यात दुसऱ्याची २५६ पट मिळवा. ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के, ३२७६७ आलं तर फक्त १६. माझं ६५५३५ आलं.

आता खरं सांगतो. त्या रात्री मनात आलं, की मामाला काही सांगायची गरजच नाही. 'बिघडलेला होता, दुरुस्त केला' एवढं म्हटलं असतं तर उलट कौतुक झालं असतं. पण रविवारी तो घरी आला तेव्हा आधी सांगितलं. म्हटलं, मामा, तू दिलास तेव्हा कदाचित चांगलाच होता, मी उलटा अ‍ॅडॉप्टर लावला. नंतर फोनवर खोटं बोललो.

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वर्गात मुलांना मी काय सांगायचो? उत्तर चुकलं तरी पायऱ्या दाखवा, पायऱ्यांना मार्क असतात. दाखव पायऱ्या." मग मी त्याला कापलेली चिप दाखवली, रेघांचा व्हिडिओ दाखवला. तो सातव्या बिटावर माझ्याआधी पोचला.

कॅसेटवर त्याने माझ्या मामेबहिणीसाठी लिहिलेला पाढे विचारणारा प्रोग्राम आहे. लावला. चौकटीवर लाल-आकाशी पट्टे आले, मग निळे-पिवळे, आणि मग टेप लोडिंग एरर. तीनदा तेच. मामा म्हणाला, राहू दे, आणि बसला टाइप करायला. स्पेक्ट्रमवर प्रत्येक बटणाला अख्खा शब्द असतो, पी दाबलं की प्रिंट. त्याची बोटं ती बटणं विसरली नव्हती. दहा मिनिटांत पडद्यावर प्रश्न आला: १७ गुणिले ८?

मी चुकलो, ते सोडा.

कॅसेट अजून वाचली गेलेली नाही. टेपच्या हेडचा कोन, पट्ट्याचा वेग, आवाजाची पातळी, बरंच काही आहे त्यात. जमलं की त्यावर एक भाग करू. तोवर तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर खाली काढा, पण वीज लावण्याआधी मीटर लावा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.