आधी पाणी, मग डांबर

शहाद्याच्या आसपास पाऊस सरला की रस्त्यांची कामं निघतात आणि सातपुड्यातली माणसं झारी, घमेलं घेऊन डांबराशेजारी उभी राहतात. खडीत कालवायचं डांबर 150 ते 165 अंशांपर्यंत तापवतात. आपल्याकडे गुऱ्हाळ कुणी पाहिलं नाही? उकळतं पाणी हातावर पडलं तर निदान ओघळून जातं. काहिलीतला पाक पडला तर चिकटून बसतो, वरून आळला तरी खाली भाजतच राहतो. डांबराचं तसंच, आणि ते पाकाहूनही कितीतरी गरम. म्हणून माझा हट्ट एवढाच, की भट्टी पेटण्याआधी कामावर स्वच्छ पाण्याचं पिंप भरलेलं हवं. रोलरवर मारायचं पाणी नव्हे, भाजलेल्या माणसासाठी वेगळं ठेवलेलं.

यावर मुकादम म्हणतील, डांबरात पाणी गेलं की ते उसळतं. बरोबर आहे, पण ते बॅरलमध्ये. तिथे तळाशी राहिलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, ती हजारो पटींच्या घरात फुगते आणि डांबर बाहेर फेकते. म्हणून बॅरल कोरडंच हवं. अंगावरच्या थराला मात्र पाणीच हवं, निदान 20 मिनिटं, सलग. पाक काहिलीत असताना पाणी ओतू नये हे खरं, पण हातावर पडल्यावर तेच ओततो ना? मात्र थंड झालेलं डांबर ओढून काढू नका, कातडी सोबत येते. डिझेल, रॉकेल चोळू नका. डांबर काढायचं काम दवाखान्याचं. बोटाभोवती कडं झालं असेल तर घाई करा. डांबर आकसतं आणि रक्त अडतं.

दुसरा आक्षेप, ‘बूट दिले तरी मजूर घालत नाहीत.’ मे महिन्यातल्या उन्हात, धगीपाशी, मापाचे नसलेले बूट कोण घालील? शिवाय पँट बुटात खोचली तर शिंतोडा थेट आत उतरतो. ती बुटावरून सोडायची, हे कुणी सांगितलं? हाताने झारी वाहायला लावून वर सांडल्याचा दोष मजुराला देणं न्यायाचं नाही. न तापवता वापरता येणारं डांबराचं इमल्शनही मिळतं, कुठे चालतं, कुठे नाही... पण वेळ संपत आली. तेव्हा पुन्हा सांगतो: ठेकेदारांनो, पाण्याचं पिंप आधी भरा. आणि मजूर बंधुभगिनींनो, ते भरलेलं दिसेपर्यंत झारी उचलू नका.