टँकच्या तळाला वाळू टाकायची, पण कोणती?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी बोलतोय कन्नडहून. भाषा नाही हो, संभाजीनगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दिवसभर सॉफ्टवेअरचं काम आणि संध्याकाळी मासे. मेसेजमध्ये सारखा एकच प्रश्न येतोय: "दादा, टँकमध्ये रंगीत खडे टाकू की वाळू?" आजचा भाग त्यावरच.

सरळ उत्तर देतो, वाळू टाका. पण कुठली टाकायची हे ठरवताना तीन गोष्टी बघायच्या: माशाचं तोंड, तुमच्या घरचं पाणी, आणि ती वाळू आली कुठून. तिसऱ्या गोष्टीवर सहसा कोणी बोलत नाही.

आधी तोंड. तुमच्याकडे फक्त गप्पी किंवा टेट्रा असतील, तर तळाला काय आहे याने त्यांना फार फरक पडत नाही. पण कोरीडोरस बघा. त्याच्या तोंडाजवळ बारीक मिशा असतात आणि तो दिवसभर तळ हुंगत, वाळू उपसत अन्न शोधतो. टोकदार खड्यांवर आणि घाणेरड्या तळावर त्या मिशा झिजतात. गोल्डफिशही तळ चाळत बसतो, आणि मटारएवढा खडा त्याच्या तोंडात अडकू शकतो. शिवाय खड्यांच्या फटीत दाणे पडतात आणि तिथेच सडतात. वाळूवर घाण वरच राहते. पाइप दोन-तीन सेंटीमीटर वर धरून फिरवला की उचलली जाते.

आता आपल्याकडे वाळू मिळते ती तीन प्रकारची.

पहिली क्रश सँड. आपला सगळा भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. क्रशरवर हाच दगड फोडून ही वाळू करतात. बेसाल्ट पाण्यात सहसा काही सोडत नाही, त्यामुळे पाण्याला धोका नाही. पण फोडलेला दाणा धारदार असतो आणि त्यात भुकटी खूप असते. बांधकामाला ठीक, कोरीडोरसला नको.

दुसरी नदीची वाळू. दाणा पाण्याने घासून गोल झालेला, माशाला उत्तम. मग शिवना नदीतून एक पोतं भरून आणू का? नाही. वाळू कायद्याने गौण खनिज आहे. परवानगीशिवाय उचलली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होऊ शकतो. आणि गौताळा अभयारण्यातल्या ओढ्यातून तर मूठभरही नाही. १९८६ पासून ते संरक्षित आहे, तिथला दगड-मातीही न्यायची नाही.

तुम्ही म्हणाल, एका टँकने नदीला काय होतंय? हिशोब करू. दोन फूट बाय एक फूट टँक, चार सेंटीमीटर थर: ६० गुणिले ३० गुणिले ४, म्हणजे साधारण सात लिटर वाळू. वजन अकरा किलोच्या आसपास. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेवढ्यात असे जवळपास ३९० टँक भरतील. म्हणजे नदी आपण रिकामी करत नाही, ट्रॅक्टर-हायवा करतात, हे खरं आहे. पण पात्रातली वाळू स्पंजसारखी पाणी धरते आणि काठच्या विहिरींना ते हळूहळू मिळतं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे विहिरीत पाणी असणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. "माझं एक पोतं" हेच वाक्य प्रत्येक जण बोलतो. आपला छंदच पाण्याचा आहे, निदान आपण तरी ते बोलू नये.

त्यापेक्षा ओळखीच्या कोणाचं बांधकाम संपलं असेल तर उरलेली वाळू मालकाला विचारून घ्या. चाळून झाल्यावर काम भागतं.

तिसरी, आणि माझी आवडती: फिल्टरची सिलिका वाळू. ठिबकवाल्या शेतकऱ्यांच्या सँड फिल्टरमध्ये असते ती. ठिबकच्या दुकानात विचारा. नवीनच घ्या, वापरलेली नको. हीसुद्धा कधी फोडलेली असते, म्हणून मूठ घट्ट आवळून बघा. टोचली तर सोडा. समुद्राची वाळू मात्र नकोच, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

आता टेस्टिंग. आपण कोड टेस्ट न करता लाइव्ह टाकत नाही, मग वाळू का टाकायची?

एक, व्हिनेगर. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट सापडतं. वाळूतले पांढरे दाणे कुटून त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले म्हणजे चुना आहे, पाणी हळूहळू जड होणार.

दोन, टीडीएस मीटर. बरणीत वाळू, वर आरओचं पाणी. आधी वाळू नीट धुवा, रीडिंग लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा. आकडा बराच चढला तर ती वाळू नाकारा. बोअरचं पाणी आधीच जड असेल आणि तुम्ही गप्पी, मॉलीच ठेवणार असाल, तर थोड्या चुन्याने बिघडत नाही. टेट्रासाठी मात्र कडक राहा.

मग धुणं. एक तृतीयांश बादली वाळू घ्या, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओता. पाणी नितळ दिसेपर्यंत. यात पाणी भरपूर जातं, म्हणून हे काम पावसाळ्यात पन्हाळीच्या पाण्यावर उरका. उन्हाळ्यातच करायचं असेल तर गढूळ पाणी निवळू द्या आणि पुढच्या घाणीची पहिली धुवण त्यातच करा. शेवटी ते झाडांना.

टँकमध्ये टाकताना फिल्टर बंद ठेवा. त्याचं तोंडही वाळूपासून चार बोटं वर असू द्या, नाहीतर लाइट जाऊन आली की मोटर वाळू ओढते. थर तीन ते पाच सेंटीमीटर पुरे. बारीक वाळूचा जाड थर दिला तर खाली हवा पोहोचत नाही, काळे डाग पडतात, सडक्या अंड्याचा वास येतो. अधूनमधून काडीने हलकं ढवळा. किंवा ट्रम्पेट गोगलगायी सोडा. नाव मलेशियाचं असलं तरी ती आपल्या देशातल्या पाण्यातही सापडते, आणि वाळू उकरायचं काम फुकटात करते. फक्त दाणे जास्त टाकू नका, नाहीतर त्यांचीच जत्रा भरेल.

तर आजचा गृहपाठ: दुकानात जाण्याआधी आपल्या माशाचं तोंड पाच मिनिटं बघा. तो तळाला काय करतो ते मला लिहून पाठवा, गावाच्या नावासकट. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!